खोटा तारा

तीर्थरूप आत्यास,

ससोबाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. ज्या खोलीत बसून लिहितोय तिथे आडवं पडलं तर पाय दाराबाहेर जातात, आणि दार लोखंडी असून आपोआप बंद होतं. तेव्हा आठांपैकी पाचेक अंगं पोचली असं समज.)

तुझी तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, अगदी मनापासून विचारतोय. गुडघे काय म्हणतात? पाठ? जिना चढताना धाप वगैरे लागते का? लागत नसेल तर नीट आठवून बघ, कदाचित लागत असेल आणि तुझं लक्ष नसेल. तुझं स्वतःकडे लक्ष असतंच कुठे! या वयात रोज सकाळी पोहण्याच्या तलावात उतरायचं, शिट्ट्या फुंकून पोरांना या टोकाकडून त्या टोकाला पळवायचं, हे काही शरीराला मानवणारं नाही. छातीत बारीकशी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, असं काहीही असलं तरी लपवू नकोस. मी परका नाही. आतोबांना नमस्कार. त्यांची हरवलेली छत्री सापडली का?

मी इकडे खुशाल आहे, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं सांगतो. मला ही नोकरी लागली तेव्हा तू गल्लीभर सांगत सुटलीस की भाचा डोंगरावर बसून आकाश बघणार. समोरच्या शिंपिणबाईंनी तर मला कानटोपी शिवून दिली, वर वारा फार म्हणून. आत्या, डोंगराचं खरं आहे. फक्त मी त्याच्यावर नाही, पोटात आहे. आकाश बघायला जमिनीखाली जायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलंही असेल. मुलाखतीत माझं निम्मं लक्ष बाहेर पडायचं दार कुठे आहे याकडे होतं.) इथे एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. तिच्या तोंडाशी एक जाळीचा पिंजरा टांगलाय, त्याला हे लोक लिफ्ट म्हणतात. आपण उंदराच्या सापळ्याला बंगला म्हणत नाही, पण असो. पिंजरेवाला रोज दार ओढून घेताना म्हणतो, "चला, भेटू." कुठे भेटू ते सांगत नाही. मग पिंजरा खाली सुटतो, कानांना दडे बसतात, जाळीबाहेरून काळा दगड वर वर पळत राहतो आणि मी आतली दांडी अशी धरतो की खाली पोचल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागतात. ती सोडवण्याचं काम माझा जोडीदार करतो. त्याच्याविषयी पुढे सांगतो, कारण माझ्या निम्म्या भीतीचं श्रेय त्याचंच आहे.

आधी इथे काय चालतं ते समजून घे, नाहीतर तू म्हणशील की ससोबाची जुनीच रड. न्यूट्रिनो नावाचा एक कण असतो. कण म्हणजे जवळपास नसलेलाच, इतका बारीक. तो सूर्यात जन्मतो, ताऱ्यांत जन्मतो, आणि एकदा निघाला की कुणाला जुमानत नाही. भिंत, डोंगर, अख्खी पृथ्वी, सगळ्यांतून आरपार. आत्ता या क्षणी माझ्यातून, तुझ्यातून, आतोबांच्या वर्तमानपत्रातून असे अब्जावधी चाललेत, आणि कुणाला काही होत नाही असं मोठ्या बाई म्हणतात. (मोठ्या बाई म्हणजे इथल्या मुख्य शास्त्रज्ञ. उंचीने माझ्या खांद्याला येतात, पण नुसत्या दारात उभ्या राहिल्या की मी खुर्चीवरून उठतो.) होत नसेल. पण ज्याला खोलीत पाल असली तरी झोप लागत नाही त्याने हे ऐकून काय करावं? पहिल्या आठवड्यात मी वरच्या, राहायच्या खोलीतला पलंग खिडकीपासून दूर सरकवला. मग कळलं की सूर्य मावळला म्हणून ते थांबत नाहीत, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने शिरतात आणि खालून, गादीतून येतात. पलंग परत होता तिथे नेला. भरीस भर म्हणजे हा कण निघताना एका प्रकारचा असतो आणि पोचेपर्यंत दुसऱ्याच प्रकारचा झालेला असतो. आतोबा भाजी आणायला जातात आणि दुसऱ्याचीच चप्पल घालून परत येतात, तसा प्रकार. बाईंना यात फार मोठं रहस्य दिसतं. मला आतोबा दिसतात आणि घरची आठवण येते.

हा कण पकडायला डोंगराच्या पोटात पाण्याची टाकी बांधली आहे. टाकी म्हणजे आपल्या गच्चीवरची नव्हे, आत दहा-बारा मजली इमारत उभी राहील एवढी. बाकी जे काही आकाशातून बरसतं ते वरचा डोंगर अडवतो, न्यूट्रिनो तेवढा खाली येतो. अब्जावधींतला एखादाच चुकून पाण्यात धडकतो, आणि मग इवलासा निळा उजेड पडतो, पापणी लवायच्या आत विझणारा. तो टिपायला टाकीच्या भिंतींवर घागरीएवढे काचेचे डोळे बसवलेत, हजारो. आत काळाकुट्ट अंधार, ढिम्म पाणी, आणि ते सगळे डोळे कधीही न मिटता बघत असतात. माझी खुर्ची याच टाकीच्या भिंतीला टेकलेली आहे. लहानपणी मी संडासला एकटा जायला घाबरायचो तेव्हा तू म्हणायचीस, अंधारात कुणी बघत नसतं रे बाबा. आत्या, बघतात. त्यासाठी सरकारी मंजुरी घेतलेली असते.

माझा जोडीदार पंपवाला. टाकीतलं पाणी गाळून स्वच्छ ठेवणं हे त्याचं काम आणि मला गोष्टी सांगणं हा त्याचा छंद. माणूस स्वभावाने इतका आनंदी की त्याच्या तोंडून कधी चांगली बातमी ऐकू येत नाही. तो सांगतो की हे पाणी इतकं शुद्ध आहे की ते भुकेलेलं आहे. त्यात काहीच नाही, म्हणून जे हाती लागेल त्यातून ते काहीतरी ओढून घेतं. त्याच्या अंगठीची चकाकी त्यानेच खाल्ली म्हणे. (मला तर ती अंगठी पहिल्यापासून पितळेची वाटते.) तो सांगतो की काचेचा एक डोळा फुटला तर त्याच्या दणक्याने शेजारचा फुटेल, त्याच्या दणक्याने पलीकडचा, आणि मग सगळेच. असं कधी झालं का, विचारलं तर डबा उघडता उघडता म्हणतो, "अजून नाही." त्या 'अजून'वर मी किती दिवस काढलेत ते मला ठाऊक.

आता माझं काम. मी घंटेवर बसतो. एखादा मोठा तारा मरतो तेव्हा आतल्या आत कोसळतो, आणि त्या क्षणी त्यातून न्यूट्रिनोंचा लोंढा सुटतो. उजेडाला ताऱ्याच्या थरांतून वाट काढत बाहेर पडायला वेळ लागतो. यांना कोण अडवणार? म्हणजे वर आकाशात तो तारा अजून नेहमीसारखा लुकलुकतोय, लोक खाली अंगणात गप्पा मारत बसलेत, आणि डोंगराच्या पोटात आमची घंटा वाजलेली. मग घंटेवरच्या माणसाने पडद्यावरचे आकडे बघायचे, बटण दाबायचं आणि भराभर दुर्बिणवाल्यांना फोन करायचे की बाबांनो, अमक्या बाजूला तोंड करा, आता उजेड येईल. असा तारा एखाद्याच्या उभ्या जन्मात एकदा आला तर आला. बाईंचे गुरुजी वाट बघता बघता निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात भाषण करतानाही त्यांचा एक कान घंटेकडे होता म्हणतात. बाई स्वतः तरुणपणापासून थांबल्या आहेत. आणि त्या घंटेखाली त्यांनी कुणाला बसवावं? मला!

त्यात इथे एक रिवाज आहे, त्याला खोटा तारा म्हणतात. घंटेवरचा माणूस जागा आहे की नाही हे बघायला बाई अधूनमधून यंत्रात गुपचूप एक बनावट मरण घालून ठेवतात. घंटा तीच, आकडे तसेच, काडीचाही फरक कळत नाही. पहिला खोटा तारा आला तेव्हा मला वाटलं डोळे फुटायला लागले. मी टेबलाखाली गेलो आणि जाताना फोनची वायर पायात अडकून फोनही माझ्याबरोबर खाली आला. बाईंनी वाकून बघितलं आणि फक्त विचारलं की तिथून काही दिसतंय का. दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. घंटा वाजली, मी मनात म्हटलं, आता मी नाही फसायचा, आणि निवांत चहा संपवला. कपातून मान वर केली तर बाई मागे उभ्या. तारा खोटाच होता, म्हणजे मी बरोबर ओळखला होता, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "खरा समजून धावलात आणि खोटा निघाला, तर फार तर दमाल. खोटा समजून बसून राहिलात आणि खरा निघाला, तर तो परत मरून दाखवणार नाही." मी चहाचा कप तेवढा विसळून ठेवला.

आणि आता मुख्य संकट. बाईंनी मला घंटेवरून उठवलं आहे. येत्या सोमवारी टाकी उघडणार. बरेच काचेचे डोळे आंधळे झालेत, ते बदलायचे. त्यासाठी पाण्यावर रबरी नाव सोडतात, तिच्यात दोन माणसं बसतात, अंगभर पांढरा झगा, डोक्याला टोपी, दिवे मंद, आणि भिंतीच्या कडेकडेने एकेक डोळा काढत, नवा बसवत जायचं. खाली दहा मजले भुकेलेलं पाणी. दोनांतला एक पंपवाला. दुसरा मी. मी का, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, पाण्याची तुम्हाला सवय आहे ना. आत्या, मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं की पाण्याची भीती नाही ना. मी म्हटलं, माझी आत्या पोहण्याची शिक्षिका आहे. हे अक्षरशः खरं आहे. पुढचा अर्थ त्यांनी काढला. गावातलं पोरन् पोर तू पोहायला शिकवलंस आणि घरचा भाचा उन्हाळाभर तलावाचा कठडा धरून उभा राहिला, हे त्यांना कसं माहीत असणार? तू काठावरून ओरडायचीस, "हात सोड, मी आहे ना!" मी कधी सोडला नाही. आई गेल्यावर मला तुझ्याकडे आणलं तेव्हापासून मी जे काही धरलं ते धरूनच ठेवलं. अजूनही कुठे शिट्टी ऐकू आली की मी जवळच्या खांबाला मिठी मारतो. परवा चौकात पोलिसाने शिट्टी फुंकली आणि मी एका अनोळखी गृहस्थाला धरलं. ते सभ्य होते म्हणून निभावलं.

बाकी सर्व ठीक. हवा बरी आहे. (ती नळीतून येते.) कानटोपी पिंजऱ्यात उपयोगी पडते, डोळ्यांवर ओढून घेता येते. शिंपिणबाईंना सांग.

तुझा,
ससोबा

ता. क. १. वर तब्येतीची चौकशी केली त्यामागे थोडं कारण आहे. सोमवारच्या कामातून सुटका मिळते ती फक्त घरी कुणी गंभीर आजारी असेल तरच, हे बाईंनी मला नियम वाचून सांगितलं. माझ्या घरी तुम्ही दोघंच. आतोबांना आजारी पाडायचा विचार केला होता, पण ते नुसत्या सांगण्याने खरंच पडतील. तेव्हा आत्या, हात जोडतो, येत्या शुक्रवारपर्यंत तू आजारी पड. गुडघा नको, गुडघ्याला इथे कुणी भीक घालत नाही. छाती चांगली. फोन बाईंच्या टेबलावर आहे (घंटेवरचा फोन फक्त दुर्बिणवाल्यांना लागतो, घरी लागणारा तेवढाच, त्यांच्या कानाखाली, नाहीतर हे सगळं मी फोनवरच बोललो असतो). आवाज खोल काढ. तू नेहमी तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलतेस, तसं नको.

ता. क. २. महत्त्वाचं राहिलंच. आतोबांना फोनजवळ फिरकू देऊ नकोस. त्यांना जन्मात खोटं बोलता आलेलं नाही. ते सांगतील, "ती पोहायला गेलीय, पण आजारी आहे म्हणून सांग असं सांगून गेलीय." फोन शेजारणीकडून करव, नाहीतर शिंपिणबाईंकडून. आणि देवाशप्पथ, हे तू माझ्यासाठी एवढ्या एकदाच कर, पुन्हा कधी मागणार नाही. पत्र उद्या वर गेलो की पेटीत टाकतो.

ता. क. ३. आत्या, हे गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय.

आज दुपारी मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. माझ्याजवळ उभ्या राहिल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या आतोबांचा फोन होता. आत्याबाईंना पाण्यातच छातीत कळ आली. दवाखान्यात नेलंय. तुम्ही लगेच निघा." आणि मी काय केलं असेल? मनातल्या मनात तुला शाबासकी दिली. छातीचीच कळ, अगदी सांगितल्याबरहुकूम. पाण्यातच, हे तू पदरचं घातलंस, काय बहार! आतोबांना फोनवर उभं केलंस याचं तर मला इतकं कौतुक वाटलं की दुसरं काही सुचलंच नाही. मी चेहरा पाडला. रुमाल काढला. पंपवाल्याने एकही वाईट गोष्ट न सांगता माझी पिशवी भरून दिली. बाईंनी सोमवारचं नाव काढलं नाही, उलट वर गारठा असेल म्हणून स्वतःचा कोट दिला. (बाह्या माझ्या कोपरापर्यंतच येतात.) पिंजऱ्यात आज पहिल्यांदाच मी दांडी धरली नाही, इतका खुशीत होतो. अर्ध्या वाटेत रुमाल परत ठेवायला खिशात हात घातला आणि बोटांना हे पत्र लागलं.

पाकीट बंद, वर तिकीट. काल पेटीपाशी एक तपकिरी कुत्रं बसलं होतं म्हणून मी आज टाकू म्हटलं होतं.

तुला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आणि आतोबा खोटं बोलत नाहीत, हे मीच वर लिहून ठेवलंय. मी पिंजरेवाल्याला ओरडून म्हटलं, लवकर, लवकर वर घ्या. तो म्हणाला, "अहो, वरच चाललोय." बाहेर आलो तर स्वच्छ ऊन पडलेलं. लाँड्रीवाली चादरी वाळत घालत होती, दोन बाया कठड्याला टेकून कशावर तरी खळखळून हसत होत्या, कुणालाच काही माहीत नव्हतं. कुत्रं पेटीपाशीच होतं. मी त्याच्या अंगावरून उडी मारून गाडी गाठली. त्याला वाईट वाटलं असावं.

आत्या, वर पानंच्या पानं भीती भीती म्हणून जे लिहिलंय ते सगळं रद्द समज. ते नखरे होते. भीती म्हणजे काय ते मला पिंजऱ्यात, खिशात हात असताना कळलं. पहिल्याच पानावर तुला छातीत कळ येते का म्हणून इतक्या आशेने विचारलंय, ते वाक्य खोडायला घेतलं होतं. पण खोडलं की तू तेच आधी उजेडात धरून वाचणार, मला माहीत आहे. तेव्हा ठेवलं तसंच. हे पत्र आता टपालात टाकत नाही, तुझ्या हातात देणार आहे. चष्मा लावून पहिल्यापासून वाच आणि मला काय बोलायचं ते बोल, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोल. आणि ऐक, सोमवारी मी नावेत बसतो. पंपवाला म्हणेल त्या टोकाला बसतो, त्याच्या सगळ्या गोष्टी ऐकतो. तू म्हणशील तर तुझ्या तलावातही उतरतो, कठडा सोडून. मी खरा समजून धावत निघालोय, आत्या, फार तर दमेन. हा तारा तेवढा खोटा निघू दे.

मी खोलीच्या दाराशी आलो की शिट्टी वाजव. दवाखान्यात मनाई असेल. तरी वाजव.